कोफ्त्याला अश्मयुगाचा दाखला कोणी दिला?

१/
बोकडाचा अर्धा किलो खिमा. एक अंडे. बेसनाऐवजी दोन मोठे चमचे बदामाचे पीठ. आले, लसूण, धने, जिरे, मिरी, दालचिनी आणि चवीपुरते लाल तिखट. सारे एकत्र मळून लिंबाएवढे गोळे वळावेत, खोबरेल तेलात चहूबाजूंनी परतावेत आणि भाताऐवजी भाजलेल्या रताळ्याबरोबर वाढावेत. 'पॅलिओ कोफ्ते' या नावाने हल्ली अनेक घरांत पोहोचलेली ही कृती. धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. म्हणून हे अन्न अश्मयुगीन माणसाचे, असा तिचा दावा. #धागा

२/
पदार्थ रुचकर होतो, यात वाद नाही. कोणाला धान्य मानवते आणि कोणाला मानवत नाही, हा वैद्यकाचा प्रश्न असून त्याचे उत्तर वैद्याने वा आहारतज्ज्ञाने द्यावे. या धाग्याचा आक्षेप एकाच गोष्टीवर आहे: या कृतीवर इतिहासाची सही परस्पर घेतली गेली आहे. ती सही खरी आहे का, हे घटकागणिक पडताळून पाहता येते. कोफ्ता हा त्यासाठी उत्तम नमुना ठरावा, कारण त्यातला प्रत्येक जिन्नस आपली जन्मतारीख बरोबर घेऊन येतो.

३/
आधी 'पॅलिओ' आहाराचेच वय पाहू. ते पन्नाशीच्या आसपास भरते. वॉल्टर वोग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९८५ मध्ये बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला आणि कल्पनेला विद्वत्प्रतिष्ठा लाभली. २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या 'द पॅलिओ डाएट' या पुस्तकाने ती स्वयंपाकघरापर्यंत नेली. मौज अशी, की ईटन आणि कॉनर यांनी आपल्या गणितात वनस्पतिजन्य अन्नाचा वाटा मांसापेक्षा मोठा धरला होता. कल्पना लोकप्रिय होत गेली तसतसे ताटातले मांस वाढत गेले.

४/
मूळ युक्तिवाद मात्र टाकाऊ नाही. मानवी शरीर लाखो वर्षांच्या शिकारी-संकलक जीवनात घडले. शेती येऊन जेमतेम १०-१२ हजार वर्षे झाली. एवढ्या थोड्या काळात शरीर धान्याला सरावले नसावे. ऐकताना हे पटते. पण शरीर तेथे थांबून राहिले, असे पुरावे सांगत नाहीत. प्रौढपणी दूध पचवण्याची क्षमता अनेक मानवसमूहांत पशुपालनानंतरच पसरली. लाळेतील पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांत सरासरीने अधिक आढळतात, हे २००७ च्या अभ्यासाने दाखवले. माणूस बदलत राहिला, त्याचे अन्नही बदलत राहिले, आणि दोघांनी एकमेकांना बदलले.

५/
आता खिमा. शब्दांपासूनच सुरुवात करावी. 'खिमा' हा तुर्कीतील बारीक चिरण्याच्या क्रियापदातून निघून फारसीमार्गे इकडे आला. 'कोफ्ता' हा फारसीतील 'कोफ्तन' म्हणजे कुटणे या धातूपासून. एकाच पदार्थाच्या दोन नावांत अन्नप्रक्रियेच्या दोन मूलभूत क्रिया दडल्या आहेत: चिरणे आणि कुटणे. या दोन क्रिया कोणत्याही स्वयंपाकघराहून जुन्या आहेत. कृतीतले खरोखर अश्मयुगीन असे काही असेल, तर ते येथे आहे. यादीत मात्र त्याचा उल्लेख नसतो, कारण यादी जिनसांची असते, हातांची नसते.

६/
२०१६ मध्ये कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना कच्चे मांस चावायला दिले. मांस कोणाचे? बोकडाचेच. नुसत्या दातांनी ते तुटेना. कितीही चावले तरी गोळा तसाच राही. दगडी हत्याराने करता येईल तसे त्याचे काप केले, की काम सोपे होई. कंदमुळांना मात्र कुटण्याचा उपयोग झाला. आहारात एकतृतीयांश मांस, त्याचे काप केलेले आणि कंद कुटलेले, असे धरले तर चावण्याची संख्या १७ टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारा जोर २६ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा हिशेब. माणसाचे दात आणि जबडे लहान होत गेले, त्यामागे चुलीच्याही आधीची ही चिराचिरी असावी, असे त्यांचे म्हणणे आहे.

७/
म्हणजे सुरी चालवणारा हात जुना. हाताखालचा बोकड मात्र नवा.

८/
शेळी माणसाळली ती सुमारे १० हजार वर्षांपूर्वी, आजच्या इराणमधील झाग्रोस पर्वताच्या परिसरात. ज्या पट्ट्यात आणि ज्या काळात गहू-जव पेरले जाऊ लागले, त्याच पट्ट्यात आणि त्याच काळात. गव्हाला दारातून परत पाठवणारी ही कृती गव्हाच्या त्या सोबत्याला मात्र बिनदिक्कत आत घेते. पुराश्मयुगातल्या माणसाच्या हाती लागणारे मांस रानटी जनावराचे, चपळ आणि बहुधा कमी चरबीचे. म्हणून तर अस्थिमज्जेसाठी हाडे फोडलेली ठिकठिकाणी सापडतात. आजच्या खिम्यातली पांढरी चरबी ही पैदाशीची आणि चाऱ्याची देणगी आहे.

९/
अंड्याची कथा याहून गमतीची. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची आजवरची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे मिळाली. वय सुमारे साडेतीन हजार वर्षे. रानकोंबड्या माणसाजवळ आल्या त्या सांडलेल्या भाताच्या आणि भरड धान्याच्या दाण्यांपायी, असा त्या संशोधकांचा तर्क. म्हणजे ज्या धान्याला या कृतीत बंदी, त्याच्याच मागे मागे हे अंडे स्वयंपाकघरात आले.

१०/
महाराष्ट्रातल्या पुराश्मयुगात अंडे नव्हते असे नव्हे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे स. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली. त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे. होय, शहामृग, आणि खानदेशात. कवचाचे मणी केलेले सापडले, रेषा कोरलेला तुकडाही मिळाला. शहामृगाचे एक अंडे कोंबडीच्या दोन डझन अंड्यांच्या बरोबरीचे असते. 'खिम्यात एक अंडे फोडून घालावे' ही सूचना त्या काळी जरा जपून द्यावी लागली असती.

११/
आता कृतीतील मुख्य निषेध: बेसन नको, डाळ नको. पॅलिओ आहाराच्या नियमांत कडधान्यांना स्थान नाही. ती शेतीची संतती, शिवाय पचायला जड, असे कारण सांगितले जाते. शामी कबाबात चण्याची डाळ जे काम करते, ते येथे बदामाच्या पिठाकडे दिले जाते. हात चालवणाऱ्याला लगेच कळते, की बदामाचे पीठ ओलावा शोषते, पण डाळीसारखे धरून ठेवत नाही. गोळा सांधून ठेवण्याचे काम अंडे आणि मीठ घालून चांगला मळलेला खिमाच करतो. मीठदेखील कॉर्डेन यांच्या नियमांत वर्ज्य, हे आणखी एक. तर मग प्रश्न असा: पुराश्मयुगीन माणूस डाळ खात नव्हता का?

१२/
याचे उत्तर इराकी कुर्दिस्तानातील शानिदार गुहेतून आले आहे. ही गुहा निअँडरथल माणसांच्या सांगाड्यांसाठी प्रसिद्ध. २०२२ मध्ये सेरेन काबुकचू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील आणि ग्रीसमधील फ्रँख्थी गुहेतील जळून कोळसा झालेले अन्नाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 'अँटिक्विटी'मध्ये निष्कर्ष मांडले. शानिदारमधील सर्वांत जुने तुकडे सुमारे ७० हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे निअँडरथलांच्या थरातले. फ्रँख्थीचे सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीचे. तेथेही शेती पोहोचण्याच्या पुष्कळ आधीचे. त्यांत काय होते? रानटी कडधान्ये. आणि ती नुसती तोंडात टाकलेली नव्हती. भिजवलेली आणि कुटलेली होती.

१३/
येथे जरा थांबण्यासारखे आहे. रानटी कडधान्याच्या सालीत कडवट द्रव्ये असतात. भिजवणे, कुटणे, साल काढणे यांनी कडूपणा उतरतो. रायगडच्या बाजूला कडवे वाल ज्या घरात शिजतात, तेथे हे शिकवावे लागत नाही: वाल रात्रभर भिजतात, मोड येतात, मग बसून एकेक दाणा सोलायचा, तेव्हा कुठे बिरडे होते. शानिदार-फ्रँख्थीच्या तुकड्यांत मात्र साल पुरती काढलेली नव्हती. थोडी ठेवलेली दिसते. थोडासा कडूपणा त्या लोकांना हवासा वाटत असावा, अशी शक्यता संशोधकांनी मांडली. शानिदारच्या अवशेषांत रानमोहरीही होती. पुराश्मयुगातल्या 'मसाल्या'च्या सर्वांत जवळ जाणारी खूण कोणती, असे विचारले तर ती ही: जाणूनबुजून राखलेला किंचित कडवटपणा.

१४/
सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या गुहेत कुटलेले कडधान्य सापडते आणि त्याच गुहावासीयांच्या नावाने आज कोफ्त्यातून बेसन काढले जाते.

१५/
धान्याचीही तीच कथा. जॉर्डनमधील शुबायका येथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलाणात भाकरीसारख्या चपट्या पावाचे जळके तुकडे मिळाले. रानटी तृणधान्ये आणि एका पाणवनस्पतीचे कंद दळून केलेले. शेतीच्या सुमारे चार हजार वर्षे आधीचे. इटलीतील बिलांचिनो येथे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वाटणावर वनस्पतींच्या पिठाचे कण आढळले. दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर केव्हमध्ये १ लाख ७० हजार वर्षांपूर्वी राखेत भाजलेले कंद मिळाले. पीठ आणि पिष्ट शेतीने आणले, हे खरे नाही. शेतीने त्यांचे प्रमाण वाढवले आणि निवड कमी केली. ही टीका शेतीवर अवश्य करावी; ती वेगळी आणि अधिक गंभीर आहे.

१६/
बदामाबद्दल एवढेच, की रानटी बदाम कडू असतो आणि त्या कडूपणातून विषारी सायनाइड तयार होते. गोड बदाम ही माणसाने निवडून वाढवलेली बागायती वस्तू. बेसन बाद ठरवून तिच्या जागी बदाम बसवणे म्हणजे एका शेतकऱ्याला उठवून दुसऱ्याला बसवणे होय.

१७/
राहिला मसाला. कृतीच्या नावातला 'मसालेदार' हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत भारदस्त आहे, कारण मसाले हा आंतरराष्ट्रीय मामला आहे. युरोपात मसाल्याच्या वापराचा जुना स्पष्ट पुरावा मिळतो तो डेन्मार्क आणि जर्मनीतील सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत: लसणासारखा वास असलेल्या, मोहरीच्या कुळातील एका रोपट्याच्या बियांचे सूक्ष्म अवशेष, मांसाच्या आणि माशांच्या चरबीसोबत चिकटलेले. त्या बियांत पोषण नगण्य. त्या चवीसाठीच घातल्या असणार. हरियाणातील फरमाणा येथील हडप्पाकालीन भांड्यांवर आणि दातांवर अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना हळद आणि आल्याचे पिष्टकण सापडले. काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. येल विद्यापीठातील बॅबिलोनी मातीच्या पाटींवर, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वी, मांसाच्या रश्शांच्या कृती कोरल्या आहेत. त्यांत कांदा, लसूण, धने, जिरे हजर. इ. स. पू. १२१३ मध्ये मरण पावलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे मिळाले. मिरीची वेल मलबारची. ती नाईलपर्यंत कोणकोणत्या हातांतून गेली असेल, याचा नुसता विचार करावा.

१८/
आणि लाल तिखट? मिरची मूळची मेक्सिकोची. ती १६ व्या शतकात पोर्तुगीज जहाजांबरोबर गोव्याच्या बाजूने भारतात शिरली. कोफ्त्याशेजारचे रताळे दक्षिण अमेरिकेचे. काही कृतींत रस्सा टोमॅटोचा असतो, तोही तिकडचाच. अश्मयुगीन म्हणून वाढलेल्या या ताटाचा अर्धा भाग १४९२ पूर्वी आशिया, आफ्रिका आणि युरोप या तिन्ही खंडांत एकत्र मांडणे शक्यच नव्हते.

१९/
मग या गोळ्यांना खरे पूर्वज नाहीत का? आहेत, आणि मोठे सन्माननीय आहेत. आयुर्वेदाच्या संहितापरंपरेत 'वेसवार' सांगितला आहे: हाडे काढलेले मांस वाफवावे, दगडावर वाटावे, पिंपळी, सुंठ, मिरी, गूळ आणि तूप घालून पुन्हा शिजवावे. पाट्यावर वाटलेल्या मसालेदार मांसाची याहून स्पष्ट नोंद क्वचित मिळेल. 'वेसवार' हा शब्द वाटलेल्या मसाल्यालाही वापरला जाई. मराठवाड्यातील 'येसर' या नावाशी त्याचे साम्य कानाला लगेच जाणवते. रोमन पाककृतींच्या 'आपिकियुस' या संग्रहाचा अख्खा एक विभाग बारीक केलेल्या मांसाचा. त्यात मिरी आणि द्राक्षारसात भिजवलेला पाव घालून केलेले गोळे आहेत. म्हणजे पावाचा चुरा घालणे हा आधुनिक भ्रष्टाचार मानणाऱ्यांनी रोमकडे बोट दाखवावे.

२०/
कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात होता. त्या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांस सुळावर भाजण्यापासून आतड्यात भरून शिजवण्यापर्यंतच्या कृती आहेत. रानडुक्कर, हरीण, मेंढा, कासव आणि शेतातला उंदीरही आहे. मिरी, आले, हिंग आहे. मिरची अर्थातच नाही. त्याच प्रकरणात डाळी, वडे, भात, दूध आणि दही यांचेही तितकेच प्रेमाने वर्णन आहे. राजाला या दोहोंत विरोध दिसला नाही.

२१/
यावर कोणी म्हणेल, 'पॅलिओ' हे नुसते नाव आहे. नावाला इतके काय धरून बसायचे? पाणीपुरीत पुरीला कोण जन्मदाखला मागतो? पण नाव येथे काम करते. 'कमी पिष्टाचे कोफ्ते' म्हटले तर ऐकणारा विचारतो, कमी का, कोणासाठी, किती दिवस? 'पॅलिओ' म्हटले की प्रश्न मिटतो. लाखो वर्षे साक्षीला उभी राहतात. पुराव्याच्या जागी पूर्वज येऊन बसतो, आणि पूर्वजाची उलटतपासणी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

२२/
शिवाय कोणता पूर्वज? २०१७ मध्ये निअँडरथलांच्या दातांवरील किटणातील डीएनए तपासला गेला. बेल्जियममधील स्पाय गुहेतील व्यक्तीच्या किटणात केसाळ गेंड्याचे आणि रानमेंढ्याचे अंश. स्पेनमधील एल सिद्रोन येथील व्यक्तींच्या किटणात अळंबी, पाइनच्या बिया, शेवाळ. मांसाचा माग नाही. एकाच मानवजातीचे हे दोन समूह, आणि आहार किती निराळा! पुराश्मयुग लाखो वर्षांचे, त्यात हिमयुगे आली-गेली, वाळवंटे सरकली, किनारे बुडाले. त्या साऱ्याला एक आहारतक्ता लावणे म्हणजे ऋग्वेदापासून आजपर्यंतच्या भारताला एक जेवण लावण्यापेक्षा कित्येक पटींनी मोठे धाडस आहे.

२३/
मग मांसाहारी गुहामानवाचे चित्र एवढे पक्के कसे बसले? त्याचे एक कारण अगदी साधे आहे. हाडे टिकतात, पाने कुजतात. दगडी पाते टिकते, कंद उकरायची काठी टिकत नाही. उत्खननाच्या टोपलीत जे येते त्यावरून जे आले नाही त्याचा अंदाज बांधणे, हेच या शास्त्राचे अवघड काम. दातांवरचे किटण, भांड्याला चिकटलेली चरबी, जळलेले तुकडे, पिष्टकण या साऱ्यांच्या तपासणीने गेल्या दोन-तीन दशकांत हे चित्र बदलले. आहारपुस्तके मात्र जुन्या टोपलीवरच चालली आहेत.

२४/
हा वाद परक्या देशातल्या फॅशनपुरता असता, तर एवढा धागा विणण्याचे कारण नव्हते. पण 'आपले पूर्वज हेच खात' हे वाक्य महाराष्ट्रातल्या घरांत आणि चौकांत रोज उच्चारले जाते, आणि ते दोन्ही टोकांकडून येते. एकीकडे व्यायामशाळेतून परतलेला मुलगा आजीने थापलेली भाकरी बाजूला सारतो, कारण धान्य म्हणजे दहा हजार वर्षांची चूक. दुसरीकडे कोणी शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजते ते पाहून नाक मुरडतो, घर भाड्याने द्यायचे की नाही ते ठरवतो, आणि म्हणतो, आपल्या संस्कृतीत हे कधी नव्हतेच. एकाचा पूर्वज फक्त मांस खाणारा, दुसऱ्याचा फक्त कंदमुळे. पद्धत तीच: आधी निकाल ठरवायचा, मग त्याला साजेसा पूर्वज शोधून न्यायासनावर बसवायचा.

२५/
पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगावला या दोघांनी मनाने तरी एकदा जाऊन यावे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले हे ताम्रपाषाणयुगीन गाव. डेक्कन कॉलेजने तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. घरांतून जव आणि कडधान्ये मिळाली, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि हरणांची हाडेही मिळाली. एकाच अंगणात दोन्ही.

२६/
भाकरीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हीच मोजपट्टी लावावी लागेल. ज्वारी आफ्रिकेतली, बाजरी आफ्रिकेतली, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ही धान्ये समुद्र ओलांडून आली आणि येथल्या मातीत अशी रुजली, की आज ती 'मूळची' वाटतात. बाहेरून आले म्हणून ज्वारीचे मोल घटत नाही. मिरचीचेही घटत नाही. तसेच जुने आहे म्हणून काही आपोआप पथ्यकर ठरत नाही. ज्वारी खावी की खाऊ नये, याबद्दल तिच्या वयातून काहीच निष्पन्न होत नाही.

२७/
हे कोफ्ते करणाऱ्याने अवश्य करावेत. खिमा हाताने मळावा, गोळे वळून अर्धा तास थंड जागी ठेवावेत म्हणजे परतताना फुटत नाहीत, आणि मसाला ताजा कुटावा. नावापुढचे विशेषण तेवढे काढून टाकावे. 'खिम्याचे गोळे' हे नाव पुरेसे आहे.

२८/
आणि एखाद्याला पुराश्मयुगाच्या खरोखर जवळ जायचेच असेल, तर कृती बदलावी लागेल. रानटी, कमी चरबीचे मांस घ्यावे. कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा निदान चरबी काढून टाकलेले. ते यंत्रात न घालता धारदार पात्याने बारीक कापावे. मीठ नाही, मिरी नाही, आले नाही, तिखट नाही. तेल नाही, कारण ते गाळायला घाणा नाही. लोखंडी कढईही नाही, तापलेला सपाट दगड आहे. शेजारी राखेत एखादा रानकंद भाजत ठेवावा. मोहरीचे चार रानटी दाणे मिळाले तर ठेचून घालावेत. आणि गोळा बांधण्यासाठी मूठभर कडवट कडधान्य रात्रभर भिजत घालावे, सकाळी दगडावर कुटावे, साल मात्र सगळी काढू नये.